पहिल्यांदा कोण म्हणालं?

पोळा आठ-दहा दिवसांवर आला की गावाकडून मुगाच्या शेंगांचं एक बोचकं परभणीला माझ्या घरी येतं. पुतण्या ज्ञानू पाठवतो. गावात आता जिकडेतिकडे सोयाबीन झालंय, पण घरापुरत्या मुगाच्या चार ओळी तो अजून पेरतो, आणि काकूला शेंगा सोलायला आवडतात हे लक्षात ठेवतो. यंदाचं बोचकं मी गॅलरीत वर्तमानपत्रावर ओतलं. काळ्या, करकरीत वाळलेल्या शेंगा. बोटानं दाबलं की तडकतात, फाका पिळा घेतात आणि हिरवे दाणे कुठल्या कुठे उडतात. त्यांना एक वास असतो, मातीचा, दवाचा, जरासा कडवट. तो नाकात गेला की मी थोडा वेळ गप्प होते. आमच्या ह्यांना ते ठाऊक आहे. तेवढा वेळ ते चहा मागत नाहीत.

यंदा शेंगांच्या पाठोपाठ फोनवर आणखी एक वस्तू आली, तीही ज्ञानूकडूनच. आमच्या गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गावात राहणारे, गाव सोडून गेलेले, लग्न होऊन गावात आलेल्या, सगळे त्यात. सकाळी देवांचे फोटो, दुपारी बाजारभाव, संध्याकाळी राजकारण. त्यात हा फोटो. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मागं मेंढरं आणि ऊन डोळ्यांवर आलं म्हणून कपाळाला आठ्या घातलेला एक माणूस. खाली मजकूर होता, ‘सावधान. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. हा फोटो सगळ्यांना पाठवा.’ त्याखाली हात जोडलेली, मुठी वळलेली चित्रं. एकानं लिहिलं होतं, ‘आपल्या माळावरच उतरलाय. संध्याकाळी चार जण चला, विचारून येऊ.’

मी फोटो मोठा करून पाहिला. त्या माणसाला मी ओळखत होते. तो धोंडिबा. दर उन्हाळ्यात त्याची मेंढरं खतासाठी वावरात बसवतात, आणि ज्या वावरात बसवतात ते वावर ज्ञानूचं. मी लगेच ज्ञानूला फोन लावला.

‘आरं, हा धोंडिबा हाय ना?’

‘तसाच दिसायलाय, काकू.’

‘दिसायलाय म्हंजे? तुझ्या घरची भाकर खातो तो.’

‘हाव. पर आजकाल कुणाचं काय सांगता येतंय का?’

‘पैल्यांदा कोण म्हणलं हे?’

‘काय की. समदीकडंच फिरायलंय.’

मी फोन ठेवला. हे उत्तर मी चांगलं ओळखते. एकदा मीच ते दिलं होतं, याच दिवसांत, मुगाच्या वावरात उभी राहून. तेव्हा फोन नव्हते, एवढाच फरक.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दूध आलं की वास घेते. भाजीवाल्याच्या तोंडाकडे न बघता काट्याकडे बघते. बँकेतून फोन आला तर चपला घालून बँकेत जाते आणि ‘तुम्हीच केला होता का’ असं विचारून येते. हे म्हणतात, ‘तुला देव भेटला तरी तू आधार कार्ड मागशील.’ मागेन. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझ्या बाबतीत ती थोडी तिरपी लागू पडते. तोंड पोळलं ते दुसऱ्याच बाईचं, आणि दूध तापवणारी मी होते.

साल अठ्ठ्याहत्तर. लग्नाला वर्ष झालं होतं. माझं माहेर मानवतचं, कापसाच्या गाड्यांचं आणि आडत दुकानांचं गाव. सासर ताडकळसच्या बाजूचं एक खेडं. त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. ते गाव शेजारच्या गावांपेक्षा काही वाईट नव्हतं, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

मी दहावी पास होते. घरातल्या आणि भावकीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी गत. खबर गावात यायची ती एसटीतून. दिवसातून दोन गाड्या. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता जे बोलेल ती ताजी बातमी. वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन यायचं. आधी ते देवळासमोरच्या पारावर जायचं. तिथं पुरुषमाणसं ते मोठ्यानं वाचायची, त्याच्यावर भांडायची, मग ते घडी मोडून आमच्या घरी यायचं. दुसऱ्या दिवशी त्यात भाकरी बांधून मी वावरात न्यायची. भाकरी सोडली की कागद माझा.

मुगाची तोड पहाटे सुरू व्हायची. दव असेपर्यंत शेंग मऊ असते. ऊन चढलं की हात लागताच फुटते आणि दाणा मातीत जातो. पदराची ओटी करून आम्ही आठ-दहा जणी ओळीनं वाकायचो. नखं काळी व्हायची, ती दिवाळीपर्यंत निघायची नाहीत. कंबर मोडायची, पण बोलणं थांबायचं नाही. सगळ्यांचा एक डोळा आभाळावर. वाळलेल्या शेंगेवर दोन दिवस पाऊस लागला तर दाण्याला शेंगेतच कोंब येतो, आणि मग तो मूग ना डाळीचा, ना बियाण्याचा.

त्या ओळीत गयाबाई असायची. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, बौद्धवाड्यातली, किसन कोतवालाची बायको. किसन म्हणजे गावाचा निरोप्या. चावडीचा हुकूम आला की गळ्यात हलगी अडकवून गल्लोगल्ली दवंडी द्यायची, ते त्याचं काम. हलगी वाजली की आम्ही हातातलं काम टाकून दारात यायचो. गावाला खबर द्यायचं सरकारी काम त्या एका माणसाकडे होतं.

दुपारी बांधावर सगळ्या भाकरीला बसल्या की मी कागद सरळ करून वाचायची. गयाबाई थोड्या अंतरावर बसायची. तिला पाणी वरून ओतायचं. ओंजळ पुढं करायची ती, ओतायची मी. आज हे लिहिताना हात अडखळतो. तेव्हा अडखळत नव्हता. आमची मैत्री होती असं मला तेव्हा वाटायचं.

ती फार लक्ष देऊन ऐकायची. आणि मध्येच विचारायची, ‘वैनी, हे कोण म्हणायलंय?’

‘पेपरात आलंय.’

‘पेपरात कोणीतरी म्हणलं आसंल ना. कोण?’

एकदा मी वाचलं, ‘…असे समजते.’ तिनं शेंगदाण्याच्या चटणीचं बोट चाटलं आणि म्हणाली, ‘कोणाला समजतंय?’ सगळ्या हसल्या. शाळेत दहा वर्षांत कोणी मला हा प्रश्न शिकवला नव्हता. अंगठा उठवणारी ही बाई मला तो रोज विचारायची, आणि मला थोडा रागही यायचा.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कुठं काय झालं ते सांगायचा अधिकार ज्यांनी सोसलं त्यांचा आहे. मी फक्त माझ्या गावातलं सांगते. आमच्या गावातून त्या विद्यापीठात अजून कोणी गेलेलं नव्हतं. तरी पारावर माणसं अशी बोलायला लागली की कुणीतरी त्यांच्या घराच्या दारावरची पाटीच काढायला आलंय. गयाबाईला मात्र त्या नावाचं मोल होतं. तिचा मिलिंद तेव्हा पहिलीत होता. एकदा ओटी बांधता बांधता ती मला हळूच म्हणाली, ‘पोरगं तितं शिकाया जाईल तव्हा दारावर आपलं नाव वाचंल. बास, इतकंच.’ मी मान हलवली. कोणाच्या बाजूनं हलवली ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

मग गाड्या बंद पडल्या. एसटी येईना, म्हणून कंडक्टर येईना, म्हणून वर्तमानपत्र येईना. किसननं हलगी खुंटीला टांगली. त्या दिवसांत बौद्धवाड्यातला माणूस हलगी बडवत आमच्या गल्लीतून फिरणार कसा? म्हणजे गावात खरं सांगणारं जे काही थोडंफार होतं ते सगळं एकदम थांबलं. बातमी मात्र थांबली नाही. उलट ती कधी नव्हे इतकी येऊ लागली. अमुक गावात तमुक झालं. आज रात्री आपल्याकडे येणार. कोण येणार? ते. आमच्याकडे ‘ते’ म्हणजे बौद्धवाडा, आणि वाड्यात ‘ते’ म्हणजे आम्ही. दोन्हीकडच्या बायका दोन्हीकडची दारं लवकर लावून घ्यायच्या.

आणि मी? वावरात बायका तोंडाकडे बघायच्या. कागद नव्हता, पण वाचणारीची सवय त्यांना लागली होती, आणि मला ऐकवण्याची. सासरी पहिल्या वर्षाच्या सुनेचं कोण ऐकतं? तिनं खाली मान घालून भाकरी थापायची. त्या बांधावर मात्र माझं ऐकलं जायचं. मग मी पारावरचं ऐकीव आणून सांगू लागले. ‘म्हणायलेत’ असं म्हणून सांगायचे, म्हणजे जबाबदारी माझी नाही. गयाबाई अजून यायची. तिच्यासमोर मी वेगळं सांगायचे आणि ती पुढच्या ओळीत गेली की वेगळं. खोटं कशाला बोलू, मला त्यात गोडी लागली होती.

एके दिवशी झुंजूमुंजू असताना मी घागर घेऊन देवळामागच्या आडावर गेले. समोरून आडाच्या ओट्यावरून कोणीतरी उतरलं आणि भिंतीच्या कडेनं भरभर निघून गेलं. चालीवरून कळलं, किसन कोतवाल. त्या आडावर वाड्यातल्या माणसानं चढायचं नाही, हा गावाचा दंडक. त्यांची विहीर ओढ्याकडची, पावसाळ्यात चहाच्या रंगाची. मी पोहरा सोडला, पाणी वर आलं, त्याला उग्र वास येत होता. तेवढ्यात शेजारची वेणूबाई आली. मी तिला म्हणाले, ‘पाण्याला कसला वास येतोय बघा. आत्ताच किसन कोतवाल आडावरून उतरून गेला.’

बस. एवढंच म्हणाले मी. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. मी फक्त त्या एका दमात सांगितल्या.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वेणूबाईनं घागर तिथंच उपडी केली. न्याहारीच्या वेळी गल्लीत कळलं की आडात काहीतरी टाकलंय. तोडीला गेलो तेव्हा ते एन्ड्रिन झालं होतं, कापसावर फवारतात ते. दहाच्या सुमारास कुणाचं तरी वासरू पाणी पिऊन आडवं पडलं. ते वासरू नेमकं कुणाचं हे मला आजवर कळलेलं नाही. दुपारी त्याच बांधावर माझ्या पुढ्यात एका बाईनं मला माझीच बातमी सांगितली. त्यात किसनच्या हातात डबा होता, सोबत आणखी दोघं होते आणि त्यांनी तोंडं बांधली होती. मी ऐकत बसले. मला ती बातमी ओळखूच आली नाही. त्या दिवशी गयाबाई कामाला आली नव्हती.

आणि तिथंच, घास तोंडात असताना, मला तो वास आठवला. मानवतला आमच्या गल्लीतल्या विहिरीत दर पावसाळ्यात पांढरी पावडर टाकायचे, पटकीची साथ येऊ नये म्हणून. दोन दिवस पाण्याला असाच उग्र वास यायचा आणि आई म्हणायची, ‘प्या गुमान, औषधी वास आहे.’ तोच वास. अगदी तोच. आमच्या सासरच्या आडातही दवाखान्याचा माणूस दरसाल येऊन ती टाकून जायचा, पण इतकी थोडी की वास फारसा यायचाच नाही.

मला कळलं होतं. दुपारी भाकरीच्या वेळीच कळलं होतं. मी उठून घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी कबूल करायचं की सकाळी मीच बोलले होते. शिवाय पारावर सुनेनं जायचं नाही, पुरुषांत बोलायचं नाही, ही कारणं हाताशी होतीच. एरवी ज्या रीतीभातींचा मला काच व्हायचा, त्या त्या दिवशी किती कामाला आल्या. मी राहिलेली भाकरी संपवली आणि पुन्हा ओळीला लागले.

दिवस कलायच्या आत किसनला आडावर बोलावून आणलं. बायका भिंतीआडून बघत होत्या, त्यात मीही. माझे चुलतसासरे दाजीबा पुढे होते.

किसन हात जोडून म्हणाला, ‘दवाखान्याची पावडर हाय, मालक. दरसाली टाकतेत तीच. गाडी न्हाई म्हणून ते माणूस आलं न्हाई. मी चालत गेल्तो ताडकळसच्या अंगाला, तितं त्यानं डबा दिला. किती टाकायची ते ध्यानात ऱ्हायलं न्हाई. समदी वतली.’

‘मग दवंडी कामून दिली न्हाईस?’

किसननं आजूबाजूच्या काठ्यांकडे पाहिलं. ‘आता फिरावं कसं, मालक?’

‘खरं बोलायलास तर पिऊन दाव पाणी,’ दाजीबा म्हणाले.

किसन पोहऱ्याकडे एक पाऊल सरकला. लगेच मागून दुसऱ्यानं आवाज दिला, ‘पोहऱ्याला हात लावू नगंस.’

ही दोन वाक्यं एकामागोमाग एक सगळ्यांनी ऐकली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. किसन तिथंच उभा राहिला. पाणी पिऊन दाखव म्हणणारेही आम्हीच आणि पाण्याला शिवू नको म्हणणारेही आम्हीच. त्यानं खरं ठरवायचं तरी कसं?

तेवढ्यात गर्दीतून माझी सासू पुढे आली. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. फार मायाळू वगैरे बाई नव्हती ती, तिच्या जिभेला गल्ली घाबरायची. ती दिवसभर वावरात दोघींचं काम करून आली होती, कारण निम्म्या तोडकरणी कामावर नव्हत्या. ‘सरका,’ म्हणाली. पोहरा सोडला, ओढला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, चूळ भरली आणि घटाघटा प्याली.

‘पावडर हाय,’ तिनं तोंड पुसलं. ‘वास मारायलाय, पर पावडर हाय. तिकडं माझे मूग तडकायलेत आन तुमी हितं पंचायती भरवायलाव.’

मला वाटलं, संपलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. माझ्याऐवजी तिनं निस्तरलं आणि माझं नावही आलं नाही. आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘पावडर आसंल. पर हा आडावर चढला कसा?’

पुन्हा गलका झाला. मघापर्यंत जी माणसं मरणाला भीत होती, ती आता बाटायला भिऊ लागली. त्या दिवशी मी एक शिकले ते कायमचं. बातमी खोटी निघाली म्हणून राग खोटा पडत नाही. त्याला बसायला दुसरी जागा सापडते. लोकांना आधी किसन हवा होता, कारण नंतर शोधायचं होतं, आणि पहिलं कारण मी पुरवलं होतं.

मारहाण झाली नाही. गावानं ते अभिमानानं सांगितलं पुढं कित्येक वर्षं, ‘आमच्या गावात कुणाला बोटसुद्धा लावलं न्हाई.’ खरं आहे. फक्त गिरणीवर त्यांचं दळण घेईनात, दुकानात त्यांना मीठ मिळेना, वावरात कोणी बोलवेना. वाड्यातल्या बायका आल्या नाहीत, तोड अर्ध्यावर राहिली. मग तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी आत्याबाईनं एक शेंग फोडून माझ्या तळहातावर ठेवली. आतल्या प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब होता.

झड उघडल्यावर गयाबाई बांधावर आली. वावरात उतरली नाही, बांधावरच उभी राहिली. मी एकटीच होते.

‘वैनी, मला एक सांगा. आडावरलं पैल्यांदा कोण म्हणलं?’

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. रोज कागद वाचताना विचारायची तसंच विचारत होती. मी खाली बघून शेंगा तोडत राहिले, सडलेल्या, कुणाच्या कामाच्या नसलेल्या.

‘काय की, गयाबाई. समदेच म्हणायले होते.’

ती म्हणाली, ‘समदे कव्हाच पैल्यांदा म्हणत न्हाईत, वैनी.’

पोळ्याच्या आत ते घर उठलं. एका गाडीत भांडी, अंथरुणं, त्यावर मिलिंद बसलेला. किसननं हलगी चावडीवर नेऊन ठेवली आणि ते परभणीला निघून गेले.

पुढे आम्हीही मुलांच्या शिक्षणासाठी परभणीला आलो. सोळा वर्षांनी विद्यापीठाला ते नाव मिळालं, पूर्ण नाही, जोडून. ते थंडीचे दिवस होते. रस्त्यावर निळी निशाणं, पांढरी पातळं, पेढे. त्या गर्दीत मला गयाबाई दिसली. येणाऱ्याजाणाऱ्याला पेढा देत होती. मी दहा पावलांवर होते. माझा हातही थोडा पुढं झाला असावा. पण मी बाजूच्या कापड दुकानात शिरले आणि नको असलेला एक खण घेतला. तो अजून पेटीत तसाच घडी करून ठेवलेला आहे.

माझ्या वयाची माणसं म्हणतात, या फोनानं समाज नासवला, पूर्वी माणसांचा माणसांवर विश्वास होता. हे ताकही मी फुंकूनच पिते. विश्वास होता, पण तो कुणावर ठेवायचा आणि कुणावर नाही हे जन्माच्या आधीच ठरलेलं होतं. आणि ग्रुप आमचाही होताच. आडावर होता, पारावर होता, मुगाच्या बांधावर तर मीच त्याची चालक होते. चार बायकांत बोललेलं गाव फिरून यायला तेव्हा एक दुपार लागली. आज तेवढाही वेळ मिळत नाही, आणि माझ्यासारखीला दुपारी शहाणपण सुचलं तरी उपयोग नाही. पण सुचलेलं गिळून बसणाऱ्या तेव्हाही होत्या, आजही असतील. मला त्यांचाच जास्त संशय येतो.

शेंगा तशाच पडल्या होत्या. फोनवर धोंडिबाचा फोटो पुढं पुढं जात होता. कुणीतरी लिहिलं, ‘पाच वाजता देवळासमोर जमा.’ मी ग्रुपातली नावं खाली खाली सरकवत गेले आणि एका नावावर थांबले. मिलिंद किसन. गावच्या शाळेत पहिलीला होता, तेवढ्या ओळखीवर कुणीतरी त्याला ग्रुपात घेतलंय. तो कधी काही लिहीत नाही. मी त्याच्याकडे त्याच्या आईचा नंबर मागितला. बऱ्याच वेळानं आला.

‘कोण?’ पलीकडचा आवाज म्हातारा झाला होता, पण तोच होता.

‘मी सुमन. गावाकडली. मुगाच्या वावरात कागद वाचायची ती.’

‘हां, वैनी.’

मला वाटलं होतं आधी ख्यालीखुशाली विचारावी, मग हळूहळू त्या गोष्टीवर यावं. तसं काही जमलं नाही. ‘गयाबाई, आडावरचं पैल्यांदा मी म्हणले होते.’

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

‘आता कामून सांगायलाव?’ ती म्हणाली. ‘काही काम हाय का? इलेक्शन हाय का?’

‘न्हाई. काही काम न्हाई.’

‘तुमाला कोण म्हणलं, फोन करा म्हणून?’

‘कोणी न्हाई. मीच.’

‘बरं.’ मला वाटलं, ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा जाऊ द्या म्हणेल. मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. तिनं जाऊ द्या म्हणावं, एवढंच हवं होतं. ती म्हणाली, ‘आमचे मालक गेले, त्याला आता लय वर्षं झाले. गावातले लोक अजून म्हणतेत, त्यानं आडात कायतरी टाकलं होतं म्हणून. मिलिंदला त्या फोनवर दिसतंय. मला एकटीला सांगून काय व्हायचंय, वैनी? तव्हा तर समद्यांनी ऐकलं होतं.’

फोन तिनंच ठेवला.

हे समोर बसून सगळं ऐकत होते. मी चष्मा पुसला आणि ग्रुप उघडला. मला टाइप करायला वेळ लागतो. आडाचं लिहिलं, वासाचं लिहिलं, वेणूबाईला नेमकं काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिलं. दुपारीच कळलं होतं आणि गप्प बसले, हेही लिहिलं. किसन कोतवालानं आपल्या सगळ्यांसाठी पाण्यात औषध टाकलं होतं आणि त्याचं घर मी उठवलं, हे लिहिताना अक्षरं दिसेनाशी झाली, पण लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘म्हणून विचारते. धोंडिबाबद्दल पहिल्यांदा कोण म्हणालं? ज्यानं म्हटलं त्यानं पाचच्या आत पुढं यावं.’ खाली माझं नाव लिहिलं, आणि पाठवलं.

ग्रुप एकदम शांत झाला. मी फोन मांडीवर ठेवून एक शेंग फोडली, दाणे मोजल्यासारखे नुसते बघत बसले. साडेचार वाजले होते. मग फोन थरथरला. ज्ञानूचा मेसेज होता.

‘काकू, हे कुणाचं फॉरवर्ड हाय?’

मी चष्मा पुन्हा लावला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘कुणाचंच न्हाई. पहिल्यांदा मीच म्हणाले होते.’